मिशाळ मासा आणि गेलेला चष्मा

पिठाच्या कोठारातल्या शिडीवरून पडून बेकरीवाल्याचा उजवा खांदा मोडला, तेव्हापासून त्या घरात कुणाला चैन नव्हतं. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना आणि मुठीत जोर येईना. भट्टीचा कारभार मुलीने अंगावर घेतला होता. तो उत्तम चालला होता, आणि हेच बेकरीवाल्याचं खरं दुखणं होतं. दिवसभर तो दुकानात स्टुलावर बसून कुरकुरायचा. पाव जास्त भाजलाय, ट्रे तिरका ठेवलाय, गिऱ्हाइकाकडे बघून हसली नाहीस. शेवटी एका दुपारी मुलगी पिठाने माखलेल्या ॲप्रनसकट रस्ता ओलांडून समोरच्या चष्म्याच्या दुकानात शिरली.

"काका, बाबांना कुठेतरी घेऊन जा," ती म्हणाली. "नाहीतर मीच कुठेतरी जाते."

चष्मेवाला हा बेकरीवाल्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांचं सगळं एकत्र झालं होतं, फक्त मासे पकडायला बेकरीवाल्याने त्याला कधी नेलं नव्हतं. कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर काढता काढता चष्मेवाला त्याच्या सासुरवाडीची चौकशी करून मोकळा व्हायचा. नदीवर असला माणूस काय कामाचा?

आताही चष्मेवाल्याने मासे पकडायला जायचं काढलं, तेव्हा बेकरीवाल्याने आढेवेढे घेतले. एका हाताने कुणी गळ टाकतं का, म्हणाला. चष्मेवाल्याने आपले दोन्ही हात पुढे केले आणि हे घे म्हणून सांगितलं.

"हात घेतो," बेकरीवाला म्हणाला, "पण तोंड दुकानात ठेवून ये."

उन्हं कलल्यावर ते चष्मेवाल्याच्या गाडीतून नदीवर पोचले. जुन्या पुलाखाली नदी वळण घेते, तिथे पाणी गोट्यांवरून खळाळत जातं आणि पुढे एकदम खोल होतं. त्या खोलात मिशाळ मासा राहतो. दिवसभर तळाशी पडून असतो आणि संध्याकाळी ओठांजवळच्या मिशांनी रेती चाचपत चरायला निघतो. बेकरीवाल्याने घडीच्या खुर्चीत बसून डाव्या हाताने कणीक आणि चीज एकत्र मळलं, गोळी केली आणि चष्मेवाल्याकडून गळाला लावून घेतली. दोनदा गळ झुडपात अडकला. तिसऱ्यांदा शिशाचं वजन बरोब्बर प्रवाहाच्या कडेला जाऊन पडलं. काठी घट्ट धर, टोकाकडे बघ आणि गप्प बस, एवढंच बेकरीवाल्याने बजावलं.

चष्मेवाला बराच वेळ गप्प बसला. त्याच्या मानाने तर फारच. मग त्याच्याने राहवेना. काठी दोन दगडांत टेकवून तो हळूच साडूच्या जुन्या फ्रिजची गोष्ट सांगू लागला. फ्रिज जिन्यात अडकला आणि साडू वरच्या बाजूला राहिला, इथपर्यंत गोष्ट आली, आणि काठीचं टोक कमानीसारखं वाकलं. काठी दगडांतून निसटून पाण्याकडे निघाली. चष्मेवाल्याने तिच्यावर अक्षरशः उडी घेतली. काठी हाती लागली, तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला, पण चष्मा नाकावरून उडून नदीत गेला.

"मला काही दिसत नाही रे," तो म्हणाला.

"तू बघू नकोस. मी बघतो. तू फक्त धर."

बेकरीवाला खुर्ची लाथाडून उठला. मासा डावीकडे पळतोय, म्हणून तो सांगायचा आणि चष्मेवाला उजवीकडे वळायचा. दोरा सोड म्हटलं की हा ओढायचा. मासा एकदा पुलाच्या खांबाकडे धावला, एकदा सरळ त्यांच्याच अंगावर आला. हळूहळू दोघांचा मेळ बसला. बेकरीवाल्याने आवाज खाली आणला, आणि चष्मेवाला त्या आवाजाच्या मागे मागे रीळ फिरवू लागला. मासा दमून काठाशी आला तेव्हा बेकरीवाला बुटांसकट पाण्यात उतरला. डाव्या हातात जाळी धरली आणि उजवा हात माशाच्या पोटाखाली घातला. पाण्यात वजन हलकं होतं, तेवढं त्या हाताला पेललं.

मासा लांबलचक होता. अंग जुन्या पितळेसारखं, पोटाखालचे पर नारिंगी. बेकरीवाल्याने गळ सोडवला. मग दोस्ताचा हात धरून माशाच्या तोंडापाशी नेला. चष्मेवाल्याने बोटांनी मिशा चाचपल्या, दोन पुढे, दोन मागे. मग दोघांनी माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला तसंच धरून ठेवलं. थोड्या वेळाने त्याच्या अंगात जोर आला, शेपटीचा एक फटका बसला आणि हात रिकामे झाले.

"गेला?" चष्मेवाल्याने विचारलं.

"गेला."

त्यानंतर त्यांनी चष्मा शोधला. मिळाला नाही. गाडीपाशी आल्यावर कुठे दोघांच्या लक्षात आलं, की चष्म्याशिवाय एकाला रस्ता दिसणार नाही आणि दुसऱ्याला एका हाताने गियर बदलून गाडी चालवता येणार नाही. दुकानात भिंतभर चष्मे आहेत आणि इथे एक नाही, असं चष्मेवाला फार गंभीरपणे म्हणाला, आणि बेकरीवाला हसत सुटला. हसता हसता खांदा दुखला, तर तो धरूनही हसत राहिला. मुलीला फोन केला तोही हसतच. पलीकडून ती विचारत होती की बाबा, तुम्ही रडताय का?

ती पावाची व्हॅन घेऊन आली. दोघं कंबरेपर्यंत भिजलेले, एकमेकांच्या दंडाला धरून उभे. तिने आधी दोघांना नीट न्याहाळलं, मग रिकाम्या ट्रेवर टाकायचं फडकं अंग पुसायला दिलं. रागवायचं तिने ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

"गाडी न्यायला उद्या यावं लागेल," ती व्हॅन वळवता वळवता म्हणाली. "सकाळी मी काकांना नवा चष्मा लावून पाठवते."

पुढच्या सीटवर दोघं दाटीवाटीने बसले होते. बेकरीवाल्याने दोस्ताला कोपराने ढोसलं.

"सकाळी नको," तो म्हणाला. "संध्याकाळी जातो आम्ही."