बीमचा श्वास

सकाळचे पावणेसात. मखमलाबाद रोडवरच्या 'गोदातीर' सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर, जिन्यापाशी, पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या माना वर. छताच्या बीमला शेंदूर फासलेला, शेंदरात एक लांब भेग आणि भेगेत खोचलेलं विड्याचं पान. पाच आरत्या झाल्या, मंत्रपुष्पांजली सुरू झाली आणि पान आपोआप सुटून नवसाबाईंच्या पदरात पडलं.

"घेतला! भगवतीनं श्वास घेतला!" नाथाबाबा गरजले. "सिमेंट असो, लोखंड असो, चैतन्य सगळीकडे आहे. भक्तानं हाक मारली की बीमसुद्धा ओ देतो!"

बीमनं ओ दिली की लोक दानपेटीकडे वळत. बाबांचं चैतन्य मुख्यतः तिकडेच होतं.

नवसाबाईंची सून शुभांगी दारात उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पॉलिटेक्निकात बांधकाम शिकवायची. भेग टेरेसवरच्या पाण्याच्या टाकीच्या बरोबर खाली होती आणि त्या भेगेखाली, सगळ्यांच्या पुढे, तिची पाच वर्षांची उज्वला टाळ्या वाजवत बसली होती. महिन्यापूर्वी शुभांगीनं लोखंडी टेकू मागवले होते. "लोखंड लावाल तर भगवतीचा श्वास कोंडेल," असं बाबा म्हणाले आणि सोसायटीनं टेकू आल्या पावली परत पाठवले.

"आई, उज्वलाला तिथं बसवू नका," ती सासूला म्हणाली.

"तुला देवाधर्माचं कायच नाय. म्या माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"मग माझी पोरगी या घरात राहणार नाही."

त्याच दुपारी तिनं उज्वलाला निफाडला माहेरी पोचवलं. नवसाबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत, पण आरती चुकवली नाही.

शुभांगीनं कॉलेजातून सेन्सर आणला. बोटाएवढी वस्तू. दोन टोकं भेगेच्या दोन काठांना चिकटवायची. भेग केसाच्या जाडीएवढी हलली तरी वायरीतून कॉम्प्युटरला कळतं. बाबा अडवतील असं तिला वाटलं होतं. पण २००४ साल होतं, कॉम्प्युटरचा दरारा देवाच्या खालोखाल होता.

"लावा, लावा!" बाबा खूश झाले. "भगवतीचा श्वास कॉम्प्युटरवर उमटू द्या! जग पाहील!"

हावरटपणा माणसाला कुठं नेऊन सोडेल सांगता येत नाही.

आठ दिवसांत कागदावर रेघ उमटली. रोज सव्वासहाला चढायला लागायची, दिवसभर हळूहळू उतरायची. शुभांगी वॉचमनकडे गेली.

"सहादूभाऊ, टाकीची मोटर कधी लावता?"

"आरतीची घंटा वाजली की. बाबांचा नेम हाय, ताई. पाण्यात भगवतीचा वास, म्हून घंटेआधी बटण दाबायचं नाय. पहिलं मी पाचालाच लावायचो."

शुभांगी तिथंच पायरीवर बसली आणि हसली.

रविवारी तिनं सगळ्यांना बीमखालून हटवून खालच्या जिन्यात उभं केलं. "आज आरत्या म्हणा. फक्त मोटर बंद राहील."

"भगवतीची परीक्षा घेता?" बाबा कडाडले.

"भगवतीची नाही, तुमची."

पाच आरत्या झाल्या, मंत्रपुष्पांजली झाली, वर आणखी दोन आरत्या झाल्या. पान जागचं हललं नाही.

"या बाईच्या यंत्राचा विटाळ झाला!"

"आठ दिवस नव्हता झाला?" शुभांगी म्हणाली आणि जिन्यातून खाली ओरडली, "सहादूभाऊ, लावा मोटर!"

घंटा नाही, आरती नाही. सगळे माना वर करून उभे. अर्ध्या तासानं पान गिरक्या घेत खाली आलं.

"टाकीत पाच हजार लिटर पाणी, म्हणजे पाच टन वजन," शुभांगीनं कागद उलगडला. "वजनानं बीम वाकतो, भेग रुंदावते, पान सुटतं. पाणी संपलं की भेग मिटते. पण पूर्ण मिटत नाही. ही रेघ बघा. रोज रात्री कालच्यापेक्षा वर थांबलीय. बाबांना हे नेमकं किती कळत होतं मला माहीत नाही. पाणी कधी चढवायचं, ते मात्र पक्कं ठाऊक होतं."

सगळे बाबांकडे वळले. बाबा झोळी उचलून जिना उतरायला लागले होते. कुणी त्यांना थांबवलं नाही.

"शेंदूर लागलाय आता," कोपऱ्यातून शेजारच्या कुसाबाई म्हणाल्या. "लोखंड लावलं न् देवी कोपली तर?"

"मावशी, तुमच्या देवाला मी काही म्हणत नाही," शुभांगी म्हणाली. "पण डोळ्यांसमोर काही नवल घडलं तर हात जोडण्याआधी एवढं तरी विचारा, की हे कशानं झालं? विचारलं म्हणून कुठला देव रागावत नाही. रागावतो तो बाबा. आणि आपण विचारलं नाही तर हा बीम एक दिवस आपल्याच लेकरांवर येईल."

नवसाबाई पदरानं डोळे पुसत पुढं झाल्या.

"कोपली तर माझ्यावर कोपंल. मीच माझ्या नातीला ह्या भेगेखाली बसवत व्हते." त्यांनी जिन्यातून खाली हाक दिली, "सहादू, टाकी मोकळी कर! टेकूवाल्याला आत्ताच्या आत्ता बोलाव. आन् शुभांगी, टेकू लागले की पहिल्या यष्टीनं निफाडला जा. माझी उज्वला घरी आण."