दोन्ही बाजूंस कठडा

मी ओढ्यावरच्या पुलाशेजारचा निळा फलक बोलतोय. आंबेगावच्या डोंगराकडच्या वाडीत शिरताना डाव्या हाताला दिसतो, तो मीच.

माझा जन्म वारूळवाडीच्या एका वर्कशॉपात झाला. पेंटरने माझ्यावर पांढऱ्या अक्षरांत कामाचं नाव, खर्च, ठेकेदार आणि एक ओळ लिहिली : ‘पूल व दोन्ही बाजूंस कठडा.’ सरकारी कामाची माहिती लोकांसमोर उघडी असावी, म्हणून मी. मला त्याचा अभिमान होता.

पूल झाला. कठडा मात्र एकाच बाजूला झाला. साहेब आले, त्याच बाजूने माझ्यासकट फोटो काढला, वेबसाइटवर टाकला आणि गेले.

मग वाडीने मला कामाला लावलं. बायडाबाई माझ्याशी मोळी टेकवून दम खायची. शेळ्या अंग घासायच्या. वाढदिवसांचे फ्लेक्स तर माझ्यावरच. पंचायतीचे सदस्य गेणभाऊ माझ्या खांबाला टेकून सांगायचे, “आता समदं उघडं हाय राव, लपवायला जागाच न्हाई.” हे बोलताना त्यांची पाठ माझ्याकडे असायची.

यंदा श्रावणात दाट धुक्यात बायडाबाईची लेक रत्ना स्कूटीवरून कामाला निघाली. समोरून पिकअप आला. तिने बाजू दिली. त्या बाजूला कठडा नव्हता.

तिच्या धाकट्या भावाने, ऋतिकने, श्रद्धांजलीचा फ्लेक्स तारेने माझ्यावरच बांधला. दहाव्याला ओढ्याकाठी, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, भाषणं झाली. गेणभाऊ म्हणाले, “लई गुणाची पोर. नशिबापुढं कुणाचं चालतं?” मी तिथंच होतो, पण माझ्या तोंडावर रत्नाचा फोटो होता.

दुपारनंतर पाऊस आला. बायडाबाई म्हणाली, “पोरगी भिजतीया रं. घरी आण तिला.”

ऋतिकने तार सोडली, तसा मी उघडा पडलो. सातवीत शाळा सोडलेला पोरगा; बोट ठेवून वाचत गेला. “दोन्ही... बाजूंस...” बोट थांबलं. त्याने पुलाकडे पाहिलं. मग मला अशी लाथ घातली की मी वाकलोच.

“तुला ठावं व्हतं! आन् नुस्ता उभा ऱ्हायलास?”

रत्नाचा फ्लेक्स छातीशी धरून तो घराकडे गेला.

ग्रामसभेच्या दिवशी त्याने मला उपटलं, पायाच्या सिमेंटसकट खांद्यावर घेतलं आणि टेबलावर आपटलं.

“अरं येड्या, सरकारी फलक उपटलास? गुन्हा हाय ह्यो!” गेणभाऊ ओरडले.

“लिव्हा गुन्हा. पर आदी ह्ये मोठ्यानं वाचा.”

“कठड्याचा फोटो हाय की वेबसाइटवर.”

“एका बाजूचा हाय, भाऊ. माजी ताई दुसरीकडनं गेली.”

बायडाबाई उठली. “वाचा की. मला वाचता येत न्हाई. तुमाला येतंय ना?”

गेणभाऊंनी वाचलं. ठराव झाला. ठेकेदार फोन उचलेना, तेव्हा ऋतिक त्याच्या दारात जाऊन बसला. दिवाळीआधी दुसरा कठडा उभा राहिला.

मलाही पुन्हा रोवलंय, थोडा वाकडा. गेणभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “बगा, कारभार उघडा असला की काम व्हतं.” ऋतिक म्हणतो, “ताई गेल्यावर झालं.” दोघंही खोटं बोलत नाहीत.

तुमच्याही रस्त्यावर माझा एखादा भाऊबंद उभा असेल. गाडी थांबवा, त्याला वाचा, मग वळून काम बघा. जुळत नसेल, तर त्याच्यावर कुणाचा फोटो बांधायची वाट बघू नका. त्याला उपटा आणि घेऊन जा.