परतीचे मुक्काम

नाश्त्याच्या टेबलावर नकाशा पसरून वित्से नेदरलँड्स ते पोर्तुगाल मुक्काम ठरवत होता. त्याच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते, पण यंदा गाडीमागे राहायची कॅरव्हॅन जोडून पोरांना तिथला समुद्र दाखवायचाच, हा त्याचा हट्ट. जातानाचे मुक्काम बघून त्याची बायको येल्त्ये खूश झाली; परतीचे बघून मात्र भडकली.

"सगळे हमरस्त्याला चिकटून? येतानाही तळ्याकाठीच राहू की!"

"तिथे कॅरव्हॅन रिव्हर्स घ्यावी लागते."

"मग? इतकी वर्षं तूच घेतोयस ना! मला मेलीला कुठे जमतंय?"

"म्हणूनच," वित्से हळूच म्हणाला. "इथे सरळ आत शिरायचं, सरळ बाहेर पडायचं."

पोरांनी नकाशावर सांडलेले चॉकलेटचे दाणे येल्त्ये एकेक करून वेचत राहिली. मान काही वर होईना.