ऐंशी टक्के सावली

पुण्यातल्या सोसायट्यांना लॉन हवं असतं, आणि ते नेमकं दोन इमारतींच्या मध्ये हवं असतं, जिथे ऊन फिरकत नाही. पिंपळवंडीच्या अरिहंतच्या नर्सरीतून गवताचे रोल भरून टेम्पो जायचे आणि चार-सहा महिन्यांनी फोन यायचे. गवत विरळ झालंय, खाली माती दिसतेय, सगळं मेलंय.

नसीमला अरिहंतने नोकरीवर घेतलं होतं ते रोपांवरच्या रोगांसाठी. ती जुन्नरची, शेतकी कॉलेजात एमएस्सी झालेली. पण तिचं मन या मेलेल्या गवतात अडकलं. एका सुट्टीत डिंभ्याच्या वरच्या रानात हिरड्याच्या झाडांखाली तिला एक रानगवत दिसलं. दाट सावलीतही ते गच्च वाढलं होतं, फक्त पाय पडला की मोडायचं. नर्सरीतलं गवत बरोबर उलटं होतं. त्यावर पोरांनी क्रिकेट खेळलं तरी चालायचं, पण सावली आली की ते झुरायचं. त्या दोघांचा संकर करून दोन्ही गुण एका रोपात आणायचे, हे काम नसीमने मागून घेतलं. त्याला आता सहा वर्षं होत आली होती.

शेताच्या मागच्या टोकाला, उसाला लागून, अरिहंतने तिला शेडनेट उभारून दिलं. ऐंशी टक्के ऊन अडवणारी काळी-हिरवी दुहेरी जाळी. आत भर दुपारीही संध्याकाळ असल्यासारखं वाटायचं. शेकडो रोपं त्या अंधारात लावायची, मरतील ती मरू द्यायची आणि जगतील त्यांच्यातून पुढची निवडायची. मागच्या बाजूला, सगळ्यात काळोखी ओळ होती तिथे निवडीच्या रोपांचे ट्रे होते. कोपऱ्यात प्लास्टिकच्या भिंतींची एक लहान खोली केली होती, बाहेरचा पराग वाऱ्याने आत येऊ नये म्हणून. संकर त्या खोलीत व्हायचा. या गवताच्या तुऱ्यावर आधी मादीची पांढरी केसाळ टोकं बाहेर येतात आणि पराग दोन-तीन दिवसांनी सुटतो. मधल्या दिवसांत सकाळी दुसऱ्या गवताचा पराग त्या टोकांना लावायचा आणि तुऱ्यावर कागदी पिशवी चढवायची. हे सगळं डिसेंबरात, दार लावून.

त्या सकाळी मागच्या उसाला तोड लागली होती. नसीम खोलीत होती आणि ठमाबाई बाहेर ट्रेंमधलं तण काढत होती. ठमाबाई नर्सरीतली जुनी बाई, मूळची पिंपळवंडीचीच. तिच्या शेजारणीला दोन वर्षांमागे घास कापताना बिबट्याने नेलं होतं, तेव्हापासून ती उसाकडे पाठ करून कधी बसत नसे. तोडवाल्यांचा आरडाओरडा ऐकू आला, कुत्री भुंकली आणि पाठोपाठ ठमाबाई खोलीत शिरली. तिने दार लोटलं, कडी घातली आणि नसीमच्या दंडाला धरून ती खाली बसली.

"वाघ," ती म्हणाली. "आत आलाय. जाळीखालनं आला."

प्लास्टिकमधून सगळं धुरकट दिसायचं. मागच्या ओळीवर काहीतरी पिवळसर, लांबट पसरलं होतं. ते हललं. उसातून हुसकावलेला बिबट्या गारवा आणि अंधार पाहून तिच्या निवडीच्या गवतावर येऊन पडला होता.

तिने कुजबुजत अरिहंतला फोन केला. त्याने वनखात्याला कळवलं. मग तिने नवऱ्याला, जुबेरला फोन केला, आणि तो बोलायला लागताच कापला, कारण फोनमधला त्याचा आवाज तिला फार मोठा वाटला.

शांतता राहिली असती तर जनावर आलं तसं निघून गेलं असतं. पण तोडवाले कोयते घेऊन मागच्या अंगाला उभे राहिले आणि त्यांनी जाळीची खालची कड दगडांनी दाबून टाकली. त्यांना वाटलं, आपण त्याला कोंडलं हे बरं केलं. आत दोन बायका आहेत हे त्यांना नंतर कळलं, आणि कळल्यावर दगड काढायला कोणी पुढे होईना. पुढच्या दाराशी गाव जमलं. आळेफाट्याहून मोटारसायकली आल्या. बिबट्याला बाहेर पडायला जागा नव्हती आणि या दोघींनाही.

नसीमच्या पुढ्यात दोन कुंड्या राहिल्या होत्या. परागाची वेळ टळत चालली होती. हातांना काहीतरी हवं म्हणून तिने तुरा उचलला, पण पराग तिच्या ओढणीवरच जास्त सांडला. ठमाबाईने कुंडी धरून ठेवली. दोन्ही कुंड्या झाल्या, पिशव्या चढल्या आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. दुपार झाली. प्लास्टिकच्या आत घामाच्या धारा लागल्या. ठमाबाईला लघवीला जायचं होतं. तिने बराच वेळ सांगितलं नाही आणि सांगितलं तेव्हा ती रडायला लागली. नसीमने मातीची बादली रिकामी करून दिली आणि तोंड फिरवून बसली.

वनखात्याची माणसं आली, पिंजरा आला. गर्दी मागे हटवा, असं साहेब पुन्हा पुन्हा सांगत होते आणि गर्दी चार पावलं मागे जाऊन पाच पावलं पुढे येत होती. बेशुद्धीचं इंजेक्शन मारायचं तर नेम धरायला नीट दिसायला हवं, आणि जाळीतून आतलं काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी पोरं व्हिडिओ काढायला शेडनेटच्या पाइपांवर चढली. अख्खा सांगाडा करकरला आणि जाळी खाली झोळली.

बिबट्या उठला. तो कडेकडेने एक फेरी मारून आला, मग दुसरी. तिसऱ्या वेळी खोलीच्या भिंतीला घासून गेला. प्लास्टिक आत फुगलं. नसीमला त्याचा श्वास ऐकू आला आणि वास आला, उग्र, ओल्या पोत्यासारखा. त्याच्या नखाने की दातांनी कोण जाणे, भिंतीला वीतभर चीर गेली. ठमाबाईने स्वतःचा पदर तोंडात कोंबला होता.

नसीमने परत अरिहंतला फोन लावला. मागची जाळी वरपासून खालपर्यंत कापा, म्हणजे त्याला ऊस दिसेल, असं तिने सांगितलं. साहेबही तेच म्हणत होते, पण अरिहंत घुटमळला.

"मॅडम, मागं तुमची सगळी निवड आहे," तो म्हणाला. "जाळी कापली, की ही माणसं आत घुसणार. मला आवरणार नाहीत."

हे नसीमला माहीत होतं. सहा वर्षांत त्या अंधारात जगून उरलेलं प्रत्येक रोप तिथे होतं. तिने चिरेकडे पाहिलं.

"कापा," ती म्हणाली.

तोडवाल्यांना बाजूला करून खात्याच्या दोन माणसांनी कोयत्याने जाळी उभी फाडली. ऊन एकदम आत आलं. बिबट्या क्षणभर थबकला आणि मग एका झेपेत उसात गेला. बाहेर एकच कल्लोळ झाला. दोघी कडी काढून बाहेर आल्या तेव्हा शेडनेटमध्ये माणसंच माणसं होती. कोणी पंजाचे ठसे शोधत होतं, कोणी बिबट्या बसला त्या जागी बसून फोटो काढून घेत होतं. ट्रे उलटले होते, खुणेच्या पट्ट्या चिखलात तुडवल्या गेल्या होत्या. एका पोराने गवताचा एक तुकडा आठवण म्हणून उचलून खिशात घातला. नसीमने त्याला अडवलं नाही. जुबेर गर्दीतून वाट काढत आला आणि तिचे दोन्ही खांदे धरून उभा राहिला.

पुढचे काही आठवडे नसीम घरी होती. जुन्नरच्या पेठेतलं घर, समोर हात लांब केला तर लागेल अशी दुसऱ्या घराची भिंत. नोकरी सोड, असं जुबेर एकदाही म्हणाला नाही. तो फक्त विचारायचा, आज जायचंय का, आणि ती नाही म्हणाली, की त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसायचं. तो भांडला असता तर तिला त्याच्याशी भांडता आलं असतं. दुपारभर जाळीच्या बाहेर तो काय सोसत उभा होता, हे तिने त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. ठमाबाई लेकीकडे राहायला गेली आणि परत नर्सरीत आली नाही. नसीमने तिला फोन केला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला आता तिथं नाय बसवत. तुमी बी जाऊ नका."

जानेवारीच्या शेवटी अरिहंतचा फोन आला. खोलीतल्या कुंड्यांना त्याने स्वतः पाणी घातलं होतं आणि पिशव्यांत बी पिकलं होतं. काय करू, त्याने विचारलं. नसीम म्हणाली, मी येते. जुबेरने पेठेतलं आपलं दुकान त्या दिवसापुरतं बंद केलं आणि तो बरोबर निघाला.

मागचा ऊस तुटून गेला होता. शेताच्या पार पलीकडपर्यंत नजर जात होती आणि लपायला कुठे झुडूपही उरलं नव्हतं. जाळी शिवून घेतली होती. नसीम खोलीत गेली आणि सवयीने तिने दार लावलं. कडीवर हात ठेवला आणि तिला श्वास पुरेना. तिने दार उघडलं, बाहेर आली, पाणी प्यायली, परत आत गेली. परत तेच. शेवटी तिने दार सताड उघडं ठेवून, जुबेरला समोर बसवून पिशव्या उतरवल्या. बी गोळा करायला उघडं दार चालतं. नवा संकर त्यात करता येत नाही, कारण कुठलाही पराग येऊन बसेल. मागे तुडवण्यातून वाचलेल्या रोपांवर उशिराने आलेले थोडे तुरे उमलायला आले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि तशीच निघाली. दार लावलं, की तिला आत श्वास पुरत नाही, हे परतताना एसटीत तिने जुबेरला सांगितलं.

"मला वाटलं होतं, तू अडवतोयस," ती म्हणाली. "तू अडवत नव्हतास."

जुबेर खिडकीबाहेर पाहत होता. तो म्हणाला, पुढच्या हंगामापर्यंत बघू. मी येत जाईन, रविवारी तरी.

बी तिने घरीच वाळूत घोळून, ओल्या कापडात ठेवून पेरलं. मागच्या बोळात, जिथे उन्हाळ्यात जेमतेम तासभर ऊन येतं, तिथे ट्रे मांडला. बरंचसं बी उगवलंच नाही. उगवलं त्यातलं निम्मं पंधरवड्यात मान टाकून पडलं. उरली ती रोपं एवढी बारीक होती, की त्यांच्यातलं कुठलं पायाखाली टिकेल आणि कुठलं सावलीत, हे कळायला अजून दोन-तीन वर्षं लागणार होती. अरिहंत तिला रस्त्याच्या कडेला, नर्सरीच्या ऑफिसशेजारी नवं शेडनेट बांधून द्यायला तयार होता. खोलीच्या तीन भिंती काचेच्या करू, म्हणजे बाहेरचं दिसेल, असंही त्याने सुचवलं. नसीमने हो म्हटलं. दाराबद्दल त्याने विचारलं, तेव्हा मात्र ती म्हणाली, की दार लागेल असंच करा, कडी आतून ठेवा. मग फोन ठेवून ती बोळात गेली आणि रोपांवर पाणी शिंपडत बसली.