गुरुवारचं अर्धं कार्ड

मी एक जुनं हजेरीचं घड्याळ आहे. ते सुद्धा आता बंद पडलेलं. कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्याच्या माळ्यावर, फाटक्या चादरींच्या गठ्ठ्याला टेकून मी बसलो आहे. माझ्या जागी खाली अंगठ्याचं यंत्र आलं आहे. येऊ दे बापडं. माझी तक्रार ती नाही मित्रांनो. माझी तक्रार माझ्याविषयीच आहे.

लोखंडाची पेटी, काचेआड तबकडी आणि खाली एक खाच, एवढाच माझा अवतार. कामगारानं कार्ड खाचेत सरकवलं की मी खट् करून त्यावर वेळ छापायचो. माझ्या डाव्या हाताला 'आत'ची फळी होती, उजव्या हाताला 'बाहेर'ची. सकाळी कार्डं डावीकडे जायची, संध्याकाळी उजवीकडे. कोण आत आहे आणि कोण घरी गेलं, हे मान न वळवता मला कळायचं. मी मिनिटाचा पक्का. आठ वाजून एक मिनिट झालं तर मी आठ छापणार नाही म्हणजे नाही. लोक मला खडूस म्हणायचे. म्हणोत!

माझ्या पोटात दोन शाया होत्या. सहापर्यंत काळी, सहानंतर लाल. लाल आकडा म्हणजे जादा काम, आणि जादा कामाला दीडपट पगार. म्हणून पावणेसहा झाले की आमचे साहेब केबिनमधून धावत यायचे. "चला, निघा, निघा! उरलेलं उद्या बघू. मला कार्डावर लाल नको." मला वाटायचं, साहेबांना कामगारांची केवढी काळजी! मी घड्याळ. मला वेळ कळते, माणसं कुठे कळतात?

त्या कार्डांत एक कार्ड वाफमामांचं होतं. मोठ्या इस्त्रीच्या रुळावर ओल्या चादरी चढवायचं त्यांचं काम. बावीस वर्षं वाफेत उभं राहून त्यांच्या भुवया सुद्धा विरळ झाल्या होत्या. कार्ड सरकवताना ते मला म्हणायचे, "काय राव, बरं आहे ना?" एवढ्या माणसांत माझी विचारपूस करणारे ते एकटेच.

आणि मामी! त्या जवळच्याच एका शिवणखान्यात शर्टांना बटणं लावायच्या. साडेपाचला सुटायच्या आणि सहाच्या ठोक्याला आमच्या दारासमोरच्या बाकावर हजर. ओच्यात शेंगदाण्यांची पुडी असायची. मामा कार्ड 'बाहेर'मध्ये ठेवायचे, मामी पुडी सोडायच्या आणि दोघं खात खात घरी चालत जायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवसभरात त्यांना एकमेकांशी बोलायला मिळायचं ते त्या रस्त्यावर. घर यायच्या आत पुडी संपते म्हणून मामी शेंगदाणे मोजून मोजून खायच्या.

मग तो गुरुवार आला. सकाळी साडेअकराला यंत्रं बंद करून साहेबांनी सगळ्यांना माझ्यासमोर बोलावलं. "आजपासून आपले वाफमामा इस्त्री विभागाचे सहायक व्यवस्थापक!" टाळ्या झाल्या. साहेबांनी 'आत'च्या फळीतून मामांचं कार्ड काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. "आता याची गरज नाही. महिन्याचा पगार ठरला. ओव्हरटाइम वगैरे कामगारांना. अधिकारी आपल्या वेळेचा मालक असतो."

घड्या घालणाऱ्या आक्का ओरडल्या, "मामा, उद्यापासून आमच्यावर डोळे वटारायचे नाहीत हं!" सगळे हसले. मामा लाजून नवरदेवासारखे उभे होते. खोटं कशाला सांगू, मलाही अभिमान वाटला. त्या भरात एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. त्या कार्डावर गुरुवारची आत येण्याची वेळ होती, सात अठ्ठावन्न. बाहेर जाण्याची वेळ नव्हती. तो रकाना कोराच राहिला.

मामींनी ते कार्ड घरी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं, असं मामांनी दुसऱ्या दिवशी आक्कांना कौतुकानं सांगितलं.

मामांना टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, नावाची पाटी मिळाली. आठ दिवसांत टेबलावर घड्या घातलेल्या चादरींचा ढीग आला आणि पाटी त्याखाली गेली. रुळावर त्यांच्या जागी दुसरा माणूस काही आला नाही. मामाच होते की! पूर्वी चादरी चढवायचे, आता चादरी चढवून वर कागदही भरायचे. आक्का फटकळ. त्या म्हणाल्याच, "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा."

सहा वाजले की मामा केबिनच्या दारात जायचे. "साहेब, निघू का?"

"अहो मामा, अधिकारी कधी घड्याळ बघून उठतात का? हॉटेलची गाडी भरून होऊ द्या. हत्ती गेला, शेपूट राहिलंय."

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. वेळेचा मालक आणि निघायची परवानगी मागतो? आणि पूर्वी साहेब ज्यांना हाकलून घरी पाठवायचे, त्यांना आता थांबवून कसे घेतात? अहो, साहेबांना काळजी होती ती लाल शाईची. थांबवायला पैसे पडत होते, तोवर मामांची संध्याकाळ शाबूत होती. ती फुकट झाली आणि कुणीही तिला हात घालू लागलं.

मामी बाकावर बसून राहायच्या. आधी अर्धा तास, मग तास, मग दीड तास. आक्कांनी विचारलं तर हसून म्हणायच्या, "अधिकाऱ्याची बायको झालेय. थोडी वाट बघायला नको?" पुढे त्या शिवण घेऊन येऊ लागल्या. मग शाल घेऊन. मग खोकला घेऊन. दोन वर्षं अशी गेली आणि एके दिवशी सहाला बाक रिकामा दिसला. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. रिकामाच.

मामींना दवाखान्यात ठेवलं होतं. आमच्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. भेटायची वेळ पाच ते सात.

मामांनी साहेबांना सांगितलं. साहेब वाईट नव्हते हो. म्हणाले, "जा की! तुम्हाला कोण अडवतंय? तुमचं तुम्ही बघा. फक्त काम पडू देऊ नका." नेमका त्याच दवाखान्यात रोग्यांचा लोंढा आला होता. तिथून रोज दुप्पट चादरी आमच्याकडे धुवायला यायच्या आणि रात्रीच्या आत परत पाठवायच्या. आक्का पदर खोचून म्हणाल्या, "मामा, रूळ मी सांभाळते. तुम्ही आधी तिकडे जा."

साहेबांनी ते ऐकलं. "नको, नको. आक्का थांबल्या तर लाल पडेल. मामा आहेत ना. मामांना थांबवायला काय लागतं?"

काहीच लागत नव्हतं. तेच तर.

मामा बहुतेक रोज सात वाजून पाच, सात वाजून दहा अशा वेळी दारातून पळत सुटायचे. पंचावन्न वर्षांचा माणूस! दवाखान्याचं फाटक बंद असायचं. पहारेकरी म्हणायचा, "काका, उद्या पाचला या." अकरा दिवसांत त्यांना मामी तीनदा भेटल्या. बाराव्या दिवशी सकाळी गेल्या. ज्या चादरीवर गेल्या, ती इथूनच गेली असणार. मामा आक्कांना एवढंच म्हणाले, "घडी तरी नीट होती ना गं तिची?" आक्का तोंडात पदर कोंबून रडल्या.

मला रडता येत नाही. मला फक्त टिकटिक करता येते. मी ती करत राहिलो आणि त्या गुरुवारी अभिमान वाटला होता म्हणून मला माझीच लाज वाटत राहिली.

महिन्याभरानं भर दुपारी मामा आले. केबिनमध्ये जाऊन राजीनामा ठेवला आणि माझ्यासमोर उभे राहिले. खिशातून एक कार्ड काढलं. आरशातलं.

"मामा, हे आता कशाला?" आक्कांनी विचारलं.

"त्या गुरुवारी आत आलो होतो आक्का. बाहेर पडायचं राहून गेलं."

त्यांनी कार्ड माझ्या खाचेत सरकवलं. सवयीनं म्हणाले, "काय राव, बरं आहे ना?" मी छापलं. चार वाजून दहा मिनिटं. सहाच्या आत होतं म्हणून काळ्या शाईत. मामांनी ते कार्ड 'बाहेर'च्या फळीत ठेवलं आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले. सहा वाजेपर्यंत आमच्या दाराकडे बघत बसून राहिले. कामगार बाहेर पडले, कार्डं खट् खट् वाजली. सगळे गेल्यावर मामा उठले आणि एकटे घरी चालत गेले.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी साहेब होईल. कुणाला जादा कामाचे पैसे द्यायचे आणि कुणाला नाही, हे ठरवायची पाळी तुमच्यावर येईल. तेव्हा टेबलावरची पाटी वाचून ठरवू नका. सहा वाजता त्या माणसाला कुणालाही न विचारता उठता येतं का, एवढंच बघा. येत असेल तर खुशाल काढा त्याचं कार्ड. येत नसेल, तर बाबांनो, त्याच्या नावापुढची ती लाल शाई पुसू नका. बाकावर बसलेल्या माणसाला तिच्याशिवाय कुणाचाच आधार नसतो.

माझ्याबरोबर त्या दोन फळ्याही इथे माळ्यावर आणून टाकल्या आहेत. 'बाहेर'च्या फळीत एकच कार्ड राहिलं आहे. कधी कुणी झाडलोट करायला वर आलात, तर मला भंगारात द्या, माझी हरकत नाही. तेवढं कार्ड मात्र 'आत'च्या फळीत ठेवू नका.