वरच्या पुलाचे पाणी

मित्रांनो, माझ्या कडीला सहा हात दोरी बांधलेली आहे. मी स्टीलचा एक जुना डबा आहे आणि दर सोमवारी बडनेऱ्याच्या एका नाल्यात उतरतो. नाक मुरडू नका. माझा जन्म दुधासाठीच झाला होता.

वस्तीतल्या घराघरांतले सांडपाणी नाल्याच्या तोंडाशी येते. माणूस दवाखान्यात जाण्याआधीच त्याचा आजार तिथे पोचलेला असतो. आरोग्य खात्याचा कर्मचारी चंद्रभान मला तिथे सोडतो, माझ्यातले पाणी बाटलीत भरतो आणि बर्फाच्या पेटीतून अमरावतीच्या प्रयोगशाळेत पाठवतो. तिथल्या मॅडम एकदा त्याला म्हणाल्या होत्या, "तुमचा हा डबा लय कामाचा आहे." मी किती दिवस त्याच तोऱ्यात होतो.

नाल्याकाठी लीलाबाईंचा मेथी-पालकाचा मळा आहे. त्यांची सात वर्षांची नात पौर्णिमा बांधावरून मला ओरडून सांगायची, "डब्या, बुडू नोको रे." मला त्या आवाजाची सवय झाली होती.

पोळ्याच्या आधीच्या सोमवारी लीलाबाईंनी माझी दोरी धरली.

"भाऊ, इथं नोको भरू."

"काहून, काकू? मले इथलंच पानी लागते."

"लोक पायतात. मंग माह्या भाजीले कोणी हात लावत नाई. सण तोंडावर आहे. या खेपेले वरून भर ना, बाप्पा."

चंद्रभान मऊ मनाचा. त्याने मला वस्तीच्या वर, पुलाजवळ बुडवले. तिथे एकही घर नव्हते. बाटलीवर मात्र त्याने नेहमीचीच जागा लिहिली.

गुरुवारी अहवाल आला, पाण्यात काही नाही. म्हणून पाणी उकळून प्या, असे सांगायला कोणी वस्तीत फिरले नाही. शनिवारी पौर्णिमाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. कॉलरा होता. ती दवाखान्यातून परत आली नाही.

खालच्या पाण्यात त्या दिवशी काय होते, ते आता कोणालाच कळणार नाही. कदाचित काहीच नसेल. पण मी कितीही घासला गेलो तरी ते पुलाचे स्वच्छ पाणी माझ्यात हलत असते. मला त्याची भीती वाटते.

आता लीलाबाई दर सोमवारी येतात आणि दोरीला हात लावून एवढेच म्हणतात, "खोल सोड, भाऊ."

मित्रांनो, कधी तुमच्या दारात माझ्यासारखा डबा आला तर लाजू नका, त्याला दुसरीकडे पाठवू नका. दोरी सैल झाली की मला अजून बांधावरून ऐकू येते, "डब्या, बुडू नोको रे." तिचे ऐकावेसे फार वाटते. तरी मी बुडतो.