मलब्याला हात लावू नका

समाजभवनात मुक्कामाला आल्यापासून प्रेमलताबाईंनी आपलं गाठोडं एकदाही खाली ठेवलं नव्हतं. जेवायला बसल्या की ते मांडीवर, झोपल्या की उशाखाली, आणि नळावर निघाल्या की एका हातात गाठोडं न् दुसऱ्या हातात हंडा. भरला हंडा एका हाताने उचलत नाही, म्हणून त्या तो अर्धाच भरायच्या आणि दिवसभर खेपा घालत राहायच्या. गाठोडं ठेवून जा ना, असं कुणी म्हटलंच, तर त्या माणसाकडे त्या अशा बघायच्या की ते बिचारं पुन्हा तोंड उघडायचं नाही.

संशय हा काही त्यांचा जन्माचा स्वभाव नव्हता. नवरा कवडू कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तोवर सौंसरच्या त्यांच्या गल्लीत यांच्याच घराचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. कवडू गेला, आणि थोड्याच दिवसांत मोटरसायकलवरून एक गोडबोल्या माणूस आला. विधवा पेन्शनचं केवायसी करायचं म्हणाला, चहा प्याला, बाईंचा अंगठा मशीनवर टेकवून घेतला आणि साचलेली पेन्शन घेऊन पसार झाला. त्याच्या चहात आपण साखर जास्तीची टाकली होती, याचा बाईंना पेन्शनपेक्षाही जास्त राग होता. मदत करायला येतो तो काहीतरी न्यायलाच येतो, हे त्यांनी तेव्हापासून मनात पक्कं बसवून घेतलं.

यंदा पोळ्याच्या तोंडावर पावसाची झड लागली ती थांबेचना. मातीत रचलेल्या विटांच्या भिंतींनी सोसून सोसून किती सोसावं? एका पहाटे घर कुरकुरायला लागलं, बाई गाठोडं घेऊन बाहेर धावल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळं घर शेजारच्या गुलाबच्या घराकडे कलंडत खाली बसलं. दोन घरांमधला हातभर बोळ माती आणि छपराच्या कवेलूंनी भरून गेला. गल्लीतली माणसं गोळा झाली, हळहळली. बाई रडल्या नाहीत. कोण काय उचलतं, इकडेच त्यांचं लक्ष होतं.

उजाडल्यावर नगरपालिकेकडून सुचिता आली. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, पायात चिखलाने माखलेल्या चपला.

"काकू, तुमचं आधार, समग्र आयडी आन् पासबुक द्या. घरापुढं उभ्या राहा, एक फोटो काढतो."

"फोटो कायले?"

"घर पडल्याची सरकारी मदत भेटते, काकू. पुढं नव्या घरासाठी आवास योजनेत नाव टाकता येते. मगर पह्यले फोटो लागते."

"आन् अंगठा?"

"थो बी लागन मंग."

अंगठ्याचं नाव निघालं आणि बाई फणकारल्या. "फोटो काढला तं मोबाइल नालीत फेकून देईन! माहं पडकं घर काय तमाशा हाय का?"

सुचिताने मोबाइल खिशात टाकला. पोरगी चिवट होती. तिने बाईंना समाजभवनात आणून सोडलं, घोंगडी मिळवून दिली, दोन वेळच्या डब्याची सोय लावली आणि निघताना एक गोष्ट दोनदा बजावली. "पटवारी साहेब पंचनामा कराले येतीन. सध्या सारे पांढुर्ण्याले गोटमारीच्या जत्रंत ड्युटीवर हायेत, थे निपटलं का येतीन. तवरी मलब्याले बिलकुल हात लावू नोका. जसा हाय तसाच राहू द्या. पंचनामा नाई झाला तं मदत नाई आन् आवास बी नाई. आन् गनपतीच्या आधी हे भवन बी खाली करून द्या लागते."

म्हणजे पंचनामा झाला तर डोक्यावर छप्पर, नाही तर रस्ता. एवढं बाईंना चांगलं कळलं. पण त्यांच्या कानात अडकून बसलं ते वेगळंच. मलब्याला हात लावू नका! अहो, माझा मलबा, माझ्या कवडूच्या हातची कवेलं, आणि मीच हात लावायचा नाही? मग लावणार कोण?

उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळालं. बाई घर बघायला गेल्या तर मयाल गायब.

मयाल म्हणजे छपराचा सगळा भार पेलणारं जाडजूड सागवानी लाकूड. कवडूने ती जंगलखात्याच्या लिलावातून आणली होती, आणि मधोमध पाळण्यासाठी एक लोखंडी कडी ठोकून घेतली होती. बाईंना मूल झालं नाही. कडीला पाळणा टांगला गेला तो गुलाबच्या सोनालीचा, कारण गुलाबच्या घरावर तेव्हा नुसते बांबू होते. सोनाली दिवसा यांच्याकडे झोपायची आणि रात्री आपल्या घरी. तीच सोनाली आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि घर पडायच्या आठवडाभर आधीच तिला मुलगा झाला होता.

मयाल दिसेना तशा बाई तडक गुलाबच्या दारात गेल्या. दार बंद. एरवी कधी बंद नसणारं दार दिवसाढवळ्या बंद! गुलाबची बायको मालती फटीतून डोकावली.

"मालते, बाळाले पाहू दे वं जरा."

"आता नोको, बाई. बाळ झोपलं हाय." दार पुन्हा लागलं.

बाईंना ते लागलं. मयालीपेक्षाही लागलं. ज्या पोरीला आपण झोके दिले तिच्या बाळाचं तोंडही बघायचं नाही? बरं, पावसात उभ्या असलेल्या बाईला कुणी आत या म्हणत नाही, याचा अर्थ काय? आत काहीतरी लपवायचं आहे, हाच अर्थ. त्याच संध्याकाळी त्यांनी कोपऱ्यावर गुलाबला सुचिताशी बोलताना पाहिलं. सुचिता काहीतरी विचारत होती, गुलाब मान हलवत होता, आणि बाई दिसताच तो चक्क मागे वळून चालू लागला.

झालं. बाईंच्या डोक्यात सगळं जुळून आलं. ही पोरगी मलबा अडवून ठेवते, हा गुलाब एकेक वस्तू घरात ओढतो. आज मयाल, उद्या चौकट, परवा जागा. म्हातारी समाजभवनात बसली आहे टाळ्या वाजवत!

आता इथे एखादी दुसरी बाई भांडली असती. प्रेमलताबाई भांडल्या नाहीत, त्यांनी याहून वाईट काम केलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, अर्धी गल्ली नदीकाठची ती दगडफेक बघायला पांढुर्ण्याला गेली होती आणि उरलेली मोबाइलवर गोटमार बघत बसली होती. तो मोका साधून बाईंनी लोधीखेड्याहून भाच्याला, शुभमला, ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. चौकट, दारं, कवेलं, विटा, बोळात पडलेलंसुद्धा, दुपारपर्यंत सगळं ट्रॉलीत चढलं. माती त्यांनी नाल्याकडे लोटायला लावली. शुभम म्हणाला, "मावशी, एवढी घाई काऊन करून राहिली?" बाईंनी त्याच्या हातात पुढची वीट ठेवली.

आणि एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी काही उरलं असतं. पण साहेब येणार, बाहेरची माणसं येणार, आणि जागा अशी उकरलेली? आपल्याकडची कुठली बाई हे सहन करील? त्यांनी शेण आणलं, सगळी जागा स्वच्छ सारवली, कडेने रांगोळीची रेघ ओढली. घर नसलं म्हणून काय, अंगण तरी नीट दिसू दे. त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

दोन दिवसांनी पटवारी स्वप्निल सुचितासोबत आला. तरुण, गोटमारीच्या जागरणाने डोळे लाल झालेला. सारवलेल्या जागेपुढे तो थबकला, मग त्याने सुचिताकडे पाहिलं. सुचिताचा चेहरा पांढरा पडला.

"घर कुठंय, काकू?" त्याने विचारलं.

"सारं बरोबर ठेवलं हाय."

"कुठं?"

"थे नाई सांगत."

सुचिता कळवळून म्हणाली, "काकू, मी म्हटलं होतं ना, हात लावू नोका!"

"तू म्हटलं म्हणूनच लावला!" बाई उसळल्या. मग साहेबांचा चेहरा बघून जरा नरमल्या. "भाच्याच्या वावरात हाय. चाला, दाखवतो."

पटवारी वाईट माणूस नव्हता. तो शांतपणे समजावू लागला. "वावरातली कवेलं पाहून मी काय लिहू? इथं घर होतं, हे टॅक्सच्या पावतीवरून कळेल. पण ते पावसानं पडलं की तुम्हीच उकलून नेलं, हे कसं सांगू? फोटो आहे का?"

फोटो नव्हता. का नव्हता, हे सुचिताने सांगितलं नाही. तिने नुसतं खाली पाहिलं, आणि त्या क्षणी बाईंना आपल्या जिभेची पहिल्यांदा लाज वाटली.

"मग पंच तरी द्या. कोणी पाहिलं घर पडताना?"

बाईंनी मान वर केली. गल्लीतले लोक आपापल्या ओट्यांवर उभे होते. त्या आठवडाभरात बाईंनी यांतल्या प्रत्येकाकडे चोर म्हणून बघितलं होतं, एकदोघांना तोंडावर म्हटलंही होतं. आता कोण पुढे येणार? कुणी आलं नाही. पटवाऱ्याने पेन काढलं. "जे दिसतंय तेच लिहावं लागेल. मोकळी जागा."

कवडूने एकेक वीट जोडून उभं केलेलं घर कधी नव्हतंच, असं आता कागदावर लागणार होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातांनी सारवून ठेवलं होतं. गाठोडं त्यांनी छातीशी घट्ट धरलं.

तेव्हा गुलाबचं दार वाजलं.

"साहेब, थांबा." गुलाब बाहेर आला. मागून मालती त्याची बाही ओढत होती. "अजी, चूप राहा ना तुमी! घरात बाळंतीण हाय!" त्याने बाही सोडवून घेतली. "घर पडलंच हाय साहेब. पाडलं नाई. आत येऊन पाहा."

सगळे आत गेले. मागच्या खोलीची भिंत पोटासारखी आत फुगली होती. वरच्या अंगाला भगदाड पडलं होतं. त्यात बाईंच्या घराच्या निळ्या रंगवलेल्या भिंतीची माती न् फुटकी कवेलं अजून तशीच रुतून बसली होती. आणि त्या भिंतीला तिरका टेकू दिला होता मयालीचा. तिचं एक टोक पडताना चिरफाळलं होतं. मधोमध कडी लोंबत होती.

"चोट्या!" बाई किंचाळल्या.

"हो वयनी, मीच नेली." गुलाब त्यांच्याकडे बघू शकत नव्हता. "तुमचं घर याच भितीवर आलं. त्या रात्री भित आत सरकाले लागली. पोरगी ओली बाळंतीण, कुठी नेऊ? जे हाती आलं थे टेकवलं. तुमाले सांगितलं असतं तं तुमी सुचिताले सांगितलं असतं, आन् तिनं आमाले बाहेर काढलं असतं."

"अरे, मी त्या पोरीशी धड बोलूनच नोती राहिली!"

हे बोलल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं. त्यांनी त्या पोरीवर संशय घेतला तसाच गुलाबनेही घेतला होता. एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून दोन घरं एकाच पोरीला घाबरली होती, आणि ती पोरगी बिचारी चिखलातून चपला ओढत दोघांच्याही दारात येत होती.

पटवाऱ्याने भगदाड बघितलं, मयालीचं चिरफाळलेलं टोक बघितलं. सुचिताने फोटो काढले, या वेळी कुणी अडवलं नाही. गुलाब पंच म्हणून उभा राहिला तसे ओट्यावरचे बाकीचेही एकेक करून आत आले. लिहून झाल्यावर पटवारी गुलाबला म्हणाला, "तुमच्या घराचाही पंचनामा करतो. पण इथं आजची रात्र राहायचं नाही. लेकरू आहे." मग बाईंकडे वळून, "काकू, लाकूड तुमचं आहे. हवं तर घेऊन जा."

बाईंनी कडीकडे पाहिलं. खाटेवर सोनाली बाळाला पदराखाली घेऊन भेदरून बसली होती.

"आता कशी नेऊ? काढली तं भित खाली येईन. त्यायचं सामान तं निघू द्या." मग गुलाबकडे बोट रोखून, "मगर चोरली थे चोरलीच! थे मी मरेपर्यंत म्हणीन."

"म्हणजा, वयनी," गुलाब म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाईंनी उजवा अंगठा लुगड्याला पुसला आणि सुचितापुढे धरला. "कुठी लावू, सांग."

संध्याकाळी गुलाबचं बिऱ्हाड समाजभवनात आलं. बिनवाऱ्याचा एकच कोपरा होता, आणि तो पहिल्या दिवसापासून प्रेमलताबाईंनी अडवला होता. त्यांनी घोंगडी उचलली आणि दाराकडच्या गार फरशीवर टाकली. मग सगळ्यांसमोर गाठोडं सोडलं. आत काय आहे, हे बघायला अख्खं भवन मान उंच करून होतं. कवडूचा फोटो, पासबुक, दोन लुगडी, एवढंच होतं. त्यातलं मऊ झालेलं लुगडं काढून त्यांनी कोपऱ्यातल्या बंद खिडकीच्या गजांना झोळी बांधली, आणि सोनालीच्या बाळाला स्वतः तीत टाकलं. सुचिता दारात उभी राहून बघत होती.

बाळ निजलं तसा बाईंनी हंडा उचलला.

"मालते, माह्या गाठोड्याकडं पाह्यजो वं," त्या म्हणाल्या, "मी पाणी घेऊन येतो."

नळावर त्यांनी हंडा काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर घेतला.